आयसोची धास्ती

टाकवे बुद्रुक ओलांडलं की भातखाचरं संपत जातात आणि पत्र्याच्या शेड सुरू होतात. त्या शेडच्या गर्दीत औषधांवर संशोधन करणाऱ्या एका कंपनीची बैठी, पांढरी इमारत आहे. समोरून पाहणाऱ्याला ती बटाट्याचं कोल्ड स्टोरेज वाटेल. मागच्या अंगाला दोन दारं ओलांडून आत गेलं की गोरख ओव्हाळचं राज्य लागतं. ओळीने पिंजरे, पिंजऱ्यांत भाताचा तूस आणि तुसात पांढरे उंदीर.

गोरख मुळात तिथे गेटवर सिक्युरिटीला होता. उंदरांकडचा माणूस लग्नाला म्हणून गावी गेला तो परतलाच नाही, तेव्हा दुसरा मिळेपर्यंत म्हणून गोरखला आत पाठवलं. दुसरा शोधायची वेळच आली नाही. नवा माणूस उंदीर धरायला जातो तेव्हा आधी स्वतः घाबरतो, मग घाबरून आवळतो आणि शेवटी चावून घेतो. गोरखचं तसं नव्हतं. तो हात पिंजऱ्यात नुसता ठेवून द्यायचा. उंदीर यायचा, हुंगायचा, बोटांवर चढून बसायचा. मग तो त्याला अलगद उचलून छातीशी धरायचा. बोटांखाली उंदराचं काळीज इतकं भरभर धावायचं की एक ठोका दुसऱ्यापासून वेगळा काढता येऊ नये. पण थोड्या वेळात उंदीर निवायचा.

"तुझ्या हातात ते घाबरत नाहीत," अनघा मॅडम म्हणायच्या. "म्हणून आपले आकडे खरे येतात."

अनघा मॅडम तिथल्या शास्त्रज्ञ, रोज पुण्याहून येऊन जाऊन करणाऱ्या. हृदयविकारावरचं नवं औषध, कधी एखाद्या झाडपाल्याचा अर्क, खरंच काळजाला वाचवतो का, हे तपासायचं त्यांचं काम. आता वाचवतो का हे बघायचं तर आधी काळजाला इजा करायला हवी. त्यासाठी एक पांढरी पावडर होती. बाटलीवर नाव लांबलचक, आयसोप्रोटेरेनॉल. पण तिथे सगळे तिला 'आयसो' म्हणायचे.

ही पावडर मोठी नाजूक. तिला उजेड चालत नाही, ओल चालत नाही, उघडी हवा चालत नाही. तपकिरी काचेची बाटली, तिला वरून चांदीचा कागद गुंडाळलेला, आणि जागा फ्रीजच्या तळाच्या कप्प्यात. बाहेर काढली की लगेच झाकण उघडायचं नाही. तिचा गारवा जाईपर्यंत थांबायचं, नाहीतर आत दव धरतं आणि पावडर खराब होते. मग मॅडम हातमोजे चढवून, तोंडाला मास्क लावून, काचेआडच्या काट्यावर ती मोजायच्या, सलाइनच्या पाण्यात विरघळवायच्या आणि त्या पाण्यालाही चांदीचा कागद गुंडाळायच्या. पाणी नितळ हवं. त्यात गुलाबी झाक दिसली की औषध बिघडलं, टाकून द्यायचं. आजचं उद्यावर ठेवायचं नाही. बाटलीवर बारीक अक्षरांत एक ओळ छापलेली होती आणि तिचा अर्थ गोरखने एकदा विचारून घेतला होता: फक्त प्रयोगशाळेतल्या कामासाठी, माणसांना देण्यासाठी नव्हे.

एवढं सगळं नुसतं बघून माणूस धास्तावतोच असं नाही. गोरख धास्तावला तो एकदा पावडर सांडली तेव्हा. चिमूटभरच असेल. मॅडम दुसऱ्या खोलीत होत्या. आपण पटकन झाडून घेऊ म्हणून तो कुंचा घेऊन खाली बसला, मास्क न लावता. उठला तेव्हा काही नव्हतं. थोड्या वेळाने हाताला कापरं भरलं. कानशिलं तापली. छातीत कुणी आतून दार बडवावं तसं काळीज बडवायला लागलं. मॅडमनी त्याला बाहेर मोकळ्या हवेत बसवलं, स्वतः शेजारी बसून राहिल्या आणि ते सगळं उतरल्यावर खूप रागावल्या. "एवढ्याशा धुळीने तुझं हे झालं, गोरख. ही खेळायची वस्तू नाही." त्या दुपारची आठवण त्याच्या अंगात राहिली.

आणि उंदरांचं तर तो रोजच बघत होता. मानेमागची कातडी उचलून मॅडम सुई टोचायच्या. लगेच काही दिसायचं नाही. मग कान लाल व्हायचे, पंजे लाल व्हायचे, केस उभे राहायचे. उंदीर कोपऱ्यात पाठीचं पोक काढून बसायचा आणि धापा टाकायचा. दुसऱ्या दिवशी परत तीच टोचणी. सकाळी पिंजरे उघडताना एखाददुसरा ताठ होऊन पडलेला सापडायचा. उरलेल्यांची काळजं मॅडम काढून घ्यायच्या. फिकट डाग पडलेली, सुजलेली काळजं. काही गटांना आधीपासून अर्क पाजलेला असे. त्यांच्या काळजांवर डाग कमी आहेत का, हे सूक्ष्मदर्शकाच्या काचेखाली बघायचं.

घरी त्याने यातलं काही सांगितलं नव्हतं. बायको प्रतीक्षाने विचारलं, आईने विचारलं, तर म्हणायचा, "जनावरं सांभाळतो. खायला घालतो, पिंजरे साफ करतो." खोटं नव्हतंच ते. हिराबाईला, त्याच्या आईला, उलट कौतुक होतं. जनावर सांभाळणारा माणूस मनाने शांत राहतो असं तिला वाटायचं.

हिराबाई गावातल्या अंगणवाडीत मदतनीस. सकाळी घरोघर फिरून पोरं गोळा करायची, खिचडी शिजवायची, कुणाचं नाक पुसायचं, कुणाची चड्डी बदलायची. त्या वर्षी भात पिवळं पडायला लागलं तेव्हापासून तिला मधूनच अंधारी यायची. चालता चालता भिंतीला टेकायची. "पित्त झालंय," म्हणायची आणि वर चिमूटभर ओवा तोंडात टाकायची. एकदा खिचडीचं पातेलं उतरवताना ती सरळ खाली कोसळली. नशीब, पातेलं दुसरीकडे कलंडलं. थोड्या वेळात डोळे उघडून तीच विचारायला लागली, "पोरं जेवली का?"

गोरख कामावरून धावत आला. आईचं मनगट धरलं. रोज बोटांखाली धावणाऱ्या काळजांची सवय झालेल्या त्या माणसाला आईची नाडी सापडेचना. मग सापडली. एक ठोका आला, आणि पुढच्याची वाट बघत बसायची वेळ आली. तो प्रतीक्षाला एवढंच म्हणाला, "गाडी बोलव."

महामार्गालगतच्या एका खाजगी हॉस्पिटलात त्यांनी तिला नेलं. डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढून बघितली, आयसीयूत घेतलं आणि बाहेर येऊन नवराबायकोला समजावलं. काळजाच्या वरच्या कप्प्यातून निघालेला हुकूम खालच्या कप्प्यापर्यंत पोचत नव्हता, मधली वायर तुटल्यासारखं झालं होतं. ठोके मिनिटाला तिसाच्याही खाली होते. "पेसमेकर बसवावा लागेल. तो इथे बसत नाही, पुण्याला पाठवावं लागेल. तिथे बेड आणि कार्डिअॅक अॅम्ब्युलन्स, दोन्हीची सोय लावतोय. तोवर ठोके टिकवायला एक औषध चालू केलंय. घाबरू नका, आजी बोलतायत."

एका वेळी एकानेच आत जायचं होतं. आधी प्रतीक्षा जाऊन आली. "बऱ्या हायत," ती म्हणाली. "तोंडावर तेज आलंय." मग गोरख गेला.

हिराबाई उशीला टेकून होती. चेहऱ्यावर खरंच लाली होती. पण गोरख बघत होता ते तिचे कान. लाल झाले होते. हात चादरीवर थरथरत होते.

"गोरखा," ती म्हणाली, "छातीत ढोल वाजतोय रं. लय धडधडतंय."

"वाजू दे, आजी," शेजारी उभी असलेली नर्स हसून म्हणाली. चैताली तिचं नाव, बिल्ल्यावर लिहिलेलं. "मघाशी वाजतच नव्हता. हे सगळं आयसोमुळे होतंय, नंतर बरं वाटेल."

गोरखने वर बघितलं. स्टँडवर सलाइनची बाटली लटकत होती आणि तिला चांदीचा कागद गुंडाळलेला होता.

"सिस्टर, काय म्हणालात? आयसो?"

"आयसोप्रेनालिन."

"म्हंजे आयसोप्रोटेरेनॉल ते हेच का?"

चैताली सिस्टरने त्याच्याकडे नवलाने बघितलं. "हो, एकाच औषधाची दोन नावं आहेत. तुम्हाला कसं माहीत?"

"सिस्टर, हे माणसाला देत न्हाईत. हे काळीज जाळतं. मी रोज बघतो. आमच्याकडं—"

"दादा, डॉक्टरांनी विचार करूनच लावलंय," ती म्हणाली. इतक्यात पलीकडच्या बेडचं मशीन कोकलायला लागलं. "तुमचं काही असेल तर डॉक्टरांना विचारा, येतीलच ते. कशाला हात मात्र लावू नका." आणि ती पडद्यापलीकडे गेली.

गोरखने तिथेच उभ्या उभ्या अनघा मॅडमना फोन लावला. रिंग वाजत राहिली. उंदरांच्या खोलीत फोन नेता येत नाही, तो बाहेर कपाटात ठेवावा लागतो, हे त्याला ठाऊक होतं. परत लावला. परत तेच. दारातून डोकावून डॉक्टर दिसतात का बघितलं. ते पुण्याशीच बोलत असावेत, केबिनचं दार लावलेलं होतं.

तो परत आईपाशी आला. नळीच्या छोट्या नळकांडीत थेंब पडत होते. एक, मग दुसरा. प्रत्येक थेंब आत जात होता. पहिल्या दिवशी उंदीरही असाच जागा असतो, डोळे उघडे, कान लाल, धापा टाकत, हे त्याच्या डोक्यातून जाईना. प्रतीक्षाला तेज वाटलं होतं ते तेज नव्हतं. त्याला डागाळलेली काळजं दिसायला लागली. त्याला ती दुपार आठवली, आतून कुणीतरी दार बडवत असलेली.

"लय धडधडतंय," हिराबाई परत म्हणाली.

नळीवर एक लहानसं पांढरं चाक होतं. गोरखने ते खाली सरकवलं. थेंब थांबले.

तो खुर्चीवर टेकला, आईचा हात हातात घेऊन. डॉक्टर येईपर्यंत, एवढंच त्याच्या मनात होतं. डॉक्टर आले की सांगायचं, आणि मग ते म्हणतील तसं. जरा वेळाने हिराबाईने लांब श्वास सोडला. "आत्ता बरं वाटतंय," ती म्हणाली. "ढोल थांबला."

त्या वाक्याने गोरखच्या जिवात जीव आला. आयुष्यात त्याला इतकं हायसं क्वचितच वाटलं असेल. त्याने आईच्या कपाळावरून हात फिरवला. कपाळ गार होतं, ओलं होतं. पलंगाच्या वरच्या मॉनिटरवरची, ठोक्यांची हिरवी टोकं एकमेकांपासून लांब लांब व्हायला लागली होती, पण तिकडे त्याचं लक्ष नव्हतं.

"गोरखा," हिराबाई म्हणाली, आणि पुढचं काही बोलली नाही. तिचे डोळे वर गेले. हात त्याच्या हातातून हिसका देऊन सुटला, सगळं अंग ताठ होऊन झटके द्यायला लागलं. मॉनिटरवर एक सरळ रेघ चालली होती. मशीन ओरडायला लागलं.

चैताली सिस्टर पडदा ढकलून आली. एका नजरेत तिने मॉनिटर बघितला, आजीला बघितलं, नळी बघितली. चाक वर सरकवलं, पलंगाची उशी काढून फेकली आणि दोन्ही तळहात हिराबाईच्या छातीवर ठेवून दाबायला लागली. पूर्ण वजन टाकून. काहीतरी कट् वाजलं. ते गोरखने ऐकलं. "डॉक्टर!" ती ओरडली. डॉक्टर धावत आले, आणखी दोघं आली, कुणीतरी गोरखला खांद्याला धरून बाजूला केलं. तो भिंतीला चिकटून उभा राहिला. कितीतरी वेळ, म्हणजे त्याला तसं वाटलं, त्या रेघेवर काही उगवलं नाही. मग एक टोक आलं. मग आणखी एक. हिराबाईने घशातून आवाज काढला आणि खोकली.

"चाक कुणी बंद केलं?" चैताली सिस्टरने विचारलं. तिचा श्वास लागला होता, केस कपाळावर आले होते.

"मी," गोरख म्हणाला.

त्याला बाहेर काढलं. बाकावर प्रतीक्षा बसली होती, आतला गोंधळ ऐकून उभी राहिली. "काय झालं? आई कशा हायत?" त्याने सांगितलं, तेही तुटक. चाक, थेंब, आयसो. मग ते नुसतं आयसोवर थांबेना. उंदीर सांगावे लागले, टोचणी सांगावी लागली, काळजं सांगावी लागली. प्रतीक्षा ऐकत राहिली.

"म्हंजी जनावरं सांभाळता म्हणायचात, ते हे?" तिने विचारलं. आणि मग, आवाज न चढवता, "मी हितं बाहेर बसले होते. मला यिऊन इचारायचं तरी."

डॉक्टर बाहेर आले तेव्हा गोरखला वाटलं आता हे हात उगारतील. त्यांनी तसं काही केलं नाही. थकलेल्या माणसासारखे ते समोर बसले. "ओव्हाळ, आजी शुद्धीवर आल्यात. एक बरगडी मोडली असावी, ती भरून येईल. तुम्ही काय केलंत ते कळलं का तुम्हाला? त्यांचं काळीज त्या थेंबांवर चाललंय. या औषधाचा असर काही मिनिटांत उतरतो, म्हणून तर ते एकसारखं चालू ठेवावं लागतं."

"डॉक्टर, मी त्यानं उंदीर मरताना बघितलेत."

"मरत असतील. मात्रा केवढी ते बघितलंत का?"

एवढी वर्षं गोरख उंदीर धरत होता, पण सुईत किती असतं ते त्याने कधी विचारलंच नव्हतं.

डॉक्टर आत गेल्यावर फोन वाजला. अनघा मॅडम. "अरे, इतके मिस्ड कॉल? काय झालं?" प्रतीक्षाने त्याच्या हातातून फोन घेऊन स्पीकर लावला, आणि गोरखला परत सगळं सांगावं लागलं.

"गोरख," त्या म्हणाल्या, "आपण एका उंदराला एका टोचणीत जेवढं देतो ना, तेवढं तुझ्या आईला थेंबाथेंबाने तीन दिवस पुरेल. आणि उंदराचं काळीज केवढं असतं ते तू बघतोस. आपण मुद्दाम इतकं देतो की ते फुटावं. तेच औषध थोडं दिलं तर थांबलेलं काळीज चालतं. माणसांसाठी ते वेगळं, निर्जंतुक करून बनवलेलं असतं, म्हणून आपल्या बाटलीवर ती ओळ आहे. हे माणसांचंही औषध आहे हे मी तुला कधी बोललेच नाही. सांगायला हवं होतं. तुला फक्त भीती घातली."

गोरख "बरं मॅडम" म्हणाला.

अॅम्ब्युलन्स आली तेव्हा उन्हं कलली होती. चांदीचा कागद गुंडाळलेली बाटली हिराबाईबरोबर आत चढली. एक नातेवाईक बसू शकत होता. गोरख पुढे झाला तशी प्रतीक्षा मध्ये आली. "मी बसते," ती म्हणाली. एवढंच. तो बाजूला झाला. मोटरसायकल काढून त्या गाडीमागे जुन्या हायवेने निघाला. वडगाव गेलं, तळेगावचा फाटा गेला. देहू रोडच्या गर्दीत गाडी पुढे निसटली. त्यानंतर पुण्यापर्यंत तिच्या भोंग्याचा आवाज ऐकू येतो का, एवढंच तो बघत राहिला.

पेसमेकर नीट बसला. गळपट्टीच्या हाडाखाली काडेपेटीएवढा उंचवटा आणि वर टाके. त्याने कसलाही त्रास दिला नाही. त्रास दिला तो बरगडीने. घरी आल्यावर हिराबाईला हसता येईना, खोकता येईना, कुशीवर वळताना ती दातओठ खायची. ती कण्हली की गोरख जेवता जेवता थांबायचा. गोळ्या प्रतीक्षा द्यायची. तिने तसं कुणाला बजावलं नव्हतं, पण गोळ्यांचा डबा तिच्या शिवणाच्या मशीनच्या खणात गेला आणि खणाला किल्ली होती. गोरखनेही कधी मागितला नाही.

काय झालं होतं ते हिराबाईला सुनेकडून कळलं. बरेच दिवस ती मुलाला काही बोलली नाही. मग एका संध्याकाळी ओट्यावर सुपात तांदूळ घेऊन ती निवडत बसली होती, गोरख पायरीवर होता. तिने वर न बघता विचारलं, "आतापत्तूर किती मारलंस?"

"मी न्हाई मारत, आई. मी धरतो."

"धरतो म्हंजी?"

"मॅडम टोचत्यात, तवा धरतो."

हिराबाईने एक खडा काढून अंगणात टाकला. "तुझ्या हातात गप ऱ्हात्यात म्हनं. परतिक्षा सांगत हुती."

"व्हय."

"मंग त्यास्नी काय वाटत आसंल? ह्यो आपला हाय, आसंच ना?"

गोरखने मान खाली घातली. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा, मॅडमनी सांगितलं तेव्हा, प्रतीक्षा अॅम्ब्युलन्सच्या दारात आडवी आली तेव्हाही, त्याला इतकं लागलं नव्हतं.

"माझ्यापाई म्हनत आसशील तर मला काय न्हाई वाटलं," ती पुढे म्हणाली. "तू भ्यालास. भिऊन मानूस कायबी करतं. म्या वाचले, झालं. पन त्या उंदरांचं काय, त्ये मला सुचना."

पौर्णिमेला विहारात वंदना होती. गोरख लहानपणापासून पंचशील म्हणत आला होता, जिभेवर बसलेलं, विचार न करता. त्या दिवशी पहिलंच शील आलं, जिवाची हत्या न करण्याचं, आणि सगळ्यांबरोबर त्याचा आवाज निघेना. पुढची चार तो म्हणाला. शेजारच्याला कळलंही नसेल. पण पुढच्या ओळीत बसलेल्या हिराबाईने मान जराशी वळवली.

दुसऱ्या दिवशी तो अनघा मॅडमसमोर जाऊन उभा राहिला. "मॅडम, मला धरायच्या कामातून काढा. दुसरं कायबी द्या." मॅडमनी कारण विचारलं नाही. त्याला तूस बदलणं, पिंजरे धुणं, खाणं मोजून ठेवणं असं काम दिलं. उंदीर धरायला सत्यम नावाचा पवनानगरकडचा एक माणूस आला. माणूस वाईट नव्हता, धुवून पुसून काम करणारा होता. पण त्याचे हात घाई करायचे.

धुण्याच्या खोलीत नळ चालू असायचा, तरी भिंतीपलीकडून आवाज यायचा. उंदराचं किंचाळणं बारीक असतं, सवय नसलेल्याला दार करकरलं असं वाटेल. गोरखला तसं वाटायचं कारण नव्हतं. एक किंचाळी, मग सत्यमचं "अरे, अरे", मग मॅडमचा आवाज, "घट्ट नको, घट्ट नको." एकदा सुई चुकीच्या जागी गेली आणि परत टोचावं लागलं. गोरख नळ मोठा करायचा. पाणी वाया जायचं आणि आवाज यायचा तो यायचाच.

असे काही आठवडे गेले. एक दिवस त्याने हातातला पिंजरा अर्धवट धुतलेला तसाच ठेवला, हात पुसले, हातमोजे चढवले आणि पलीकडच्या खोलीत गेला. सत्यमच्या बोटाला पट्टी होती. "सरक," गोरख म्हणाला, "मी धरतो." मॅडमनी मास्कवरून त्याच्याकडे बघितलं. त्या दिवशी किंचाळी झाली नाही. त्याने बरं वाटलं म्हणावं तर तसंही नाही. घरी जाताना कान्ह्याच्या रेल्वे फाटकाशी गाडी थांबली तेव्हा आपले हात हँडलवर कापताहेत हे त्याला दिसलं, आणि आज काही सांडलं नव्हतं.

तो झाडपाल्याचा अर्क शेवटी काही कामाचा निघाला नाही. अर्क पाजलेल्या उंदरांच्या काळजांवर डाग तेवढेच होते. मॅडमनी ते त्याला मुद्दाम बोलावून सांगितलं, आता त्या त्याला सगळंच सांगायच्या. मिलिग्रॅमही सांगायच्या.

"मग ते सगळे फुकट गेले म्हणायचे?" गोरखने विचारलं.

"फुकट नाही. उपयोग होत नाही हे कळलं. नाहीतर उद्या कुणाच्या तरी आईला तो दिला गेला असता." त्यांनी पेन खाली ठेवलं. "पण तू विचारतोस तसं मलाही वाटतं कधीकधी."

पुढच्या औषधासाठी नवे उंदीर येणार होते. घरी जाऊन त्याने ते आईला सांगितलं. सत्यमचं बोट, किंचाळ्या, आपण परत धरायला लागल्याचं, अर्क वाया गेल्याचं, सगळं. हिराबाई आता परत अंगणवाडीत जायला लागली होती, फक्त पोरं उचलायची नाहीत असं डॉक्टरांनी बजावलं होतं आणि ती ते अर्धंच पाळत होती. तिने पूर्ण ऐकून घेतलं.

"सोडशील का?" तिने विचारलं.

"सोडलं तर दुसरा कुनी धरंल."

"त्ये खरं." तो आशेने तिच्याकडे बघत होता. ती आता काहीतरी म्हणेल, हो किंवा नाही, आणि आपल्याला सुटल्यासारखं होईल. तिने तसं काही म्हटलं नाही. "मला न्हाई कळत गोरखा, काय बरूबर त्ये," ती म्हणाली. "पन घरी यिऊन सांगत जा. एकल्यानं पोटात ठिवू नगंस."

तेव्हापासून तो सांगतो. कामावरून आला, हातपाय धुतले की ओट्यावर बसतो आणि आज काय झालं ते सांगतो. प्रतीक्षाही शिवता शिवता मशीन थांबवून ऐकते, मध्ये एखादा प्रश्न विचारते. कधी सांगण्यासारखं काही नसतं. कधी फार असतं, आणि मग हिराबाईच मध्ये हात वर करून म्हणते, "आज ऱ्हाऊ दे." तेव्हा तो थांबतो, आणि तिघं जेवायला उठतात.